ताई, मणक्याचं ऑपरेशन करू का नको?

"डॉक्टर म्हणतात गादी सरकलीये, ऑपरेशन करून घ्या. गावात सगळे म्हणतात मणक्याला चाकू लागला की माणूस खाटेवरच. आता ऐकू कोणाचं?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, रावेर-सावद्याचे केळीवाले विचारतात, भुसावळचे रेल्वेतले विचारतात, दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका विचारतात. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, त्यामुळे गोळी कोणती आणि ऑपरेशन कुठलं ते मी सांगत नाही. पण या निर्णयात माणूस दुखण्यापेक्षा भीतीने जास्त अडकतो आणि घरातले दहा जण दहा सल्ले देऊन तो गुंता वाढवतात हे मी रोज बघते, म्हणून एक केस जरा सविस्तर सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि सांगायला त्यांनी स्वतःच हो म्हटलंय.

प्रकाशभाऊ, वय त्रेचाळीस, यावल तालुक्यात खतं-बियाणांचं दुकान आणि थोडी केळी. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, पूर्वी ५० ची यायची, पण दिवसाला किती उचलायच्या त्याला काही हिशोबच नाही. अशीच एक गोणी वळून ठेवताना कंबरेत कट्‌ झालं. आधी वाटलं चमक भरली. आईने पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतला, मग मालिश, मग शेक. दोन-तीन दिवसांत कंबर जरा मोकळी झाली पण डावा पाय सुरू झाला, कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरून नडगीवरून थेट अंगठ्यापर्यंत करंट गेल्यासारखी कळ, शिंक आली तरी डोळ्यात पाणी. पायाळू माणसाने नुसता पाय टेकवला तर काही बिघडत नाही, माणसाला बरंही वाटतं, पण नस दबलेली असताना पाठीवर लाथ मारून घेणं किंवा कोणाकडून मणका कडकड वाजवून घेणं, हे कृपा करून नको.

माझ्याकडे आले तेव्हा दोन महिने होत आले होते. खुर्ची दिली तर बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उजव्या पायावर भार देऊन उभेच राहिले, सगळं बोलणं तसंच उभ्याने. वहिनी बाजूला बसलेल्या, मांडीवर एमआरआयची पिशवी. तो रिपोर्ट नातेवाईकांच्या ग्रुपवर इतका फिरलेला की प्रकाशभाऊंना पाठ झाला होता, एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, डिस्क एक्स्ट्रुजन, नर्व्ह रूटवर दाब, मल्टीलेव्हल डीजनरेशन. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी त्यांची झोप उडाली होती, कारण कोणीतरी सांगितलेलं की याचा अर्थ पूर्ण मणका झिजला, आता काही खरं नाही.

तर आधी हे समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मधली गादी बाहेरून चिवट आणि आत मऊ असते, करंजी एका कडेने उकलून सारण बाहेर यावं तसा आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला दाबतो, तिथे सूज येते, म्हणून कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. लोक म्हणतात "गॅप आली", पण गॅप वगैरे काही पडलेली नसते. आणि झीज म्हणाल तर ज्यांची पाठ कधी दुखलीच नाही अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले होते अमेरिकेत, १९९४ साली ते छापून आलं, त्यात सगळ्या गाद्या ठीक असलेले लोक होते फक्त ३६ टक्के. निम्म्याहून जास्त लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे प्रकाशभाऊ ज्या ओळीला घाबरले होते ती त्यांच्या वयाच्या अर्ध्या गावाच्या रिपोर्टमध्ये निघेल. त्यांच्या कामाची ओळ होती ती एक्स्ट्रुजनची, म्हणजे गादीचा आतला भाग बाहेर आल्याची, कारण ती पायातल्या कळेशी जुळत होती. आणि गंमत अशी की जास्त बाहेर आलेला तुकडाच बरेचदा शरीर स्वतः हळूहळू शोषून घेतं, हे पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये दिसतं. हे ऐकून ते पहिल्यांदा जरा सैल झाले.

मग मी विचारलं, चप्पल निसटते का पायातून? ते नाही म्हणाले आणि वहिनी त्याच वेळी हो म्हणाल्या. परवा ओट्यावरून उतरताना डावी चप्पल मागेच राहिली आणि यांना कळलंही नाही. डॉक्टरांना सांगितलं का, तर नाही, "एवढं काय सांगायचं". हेच तर सांगायचं असतं! पाऊल किंवा अंगठा वर उचलायची ताकद कमी होणं हे दुखण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. त्याच दिवशी त्यांना परत सर्जनकडे पाठवलं. अंगठ्यात थोडी कमजोरी निघाली, वाढत नव्हती, सर्जन म्हणाले विचार करायला वेळ आहे पण फार रेंगाळू नका.

इथे थांबून एक गोष्ट सगळ्यांना सांगते, ही लाजेपायी लोक लपवतात. लघवी अडली, किंवा लागलेली कळेना, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली ताकद एकदम जायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच्या रात्री जिथे मणक्याचं ऑपरेशन होतं अशा दवाखान्यात जा. त्यात करू का नको हा प्रश्नच उरत नाही, तासांवर खेळ असतो. सुनेसमोर कसं बोलू म्हणून दोन दिवस गप्प बसलेल्या आजी मी बघितल्यात.

प्रकाशभाऊंचं तसं नव्हतं, म्हणून निर्णय त्यांच्या हातात होता, आणि तोच त्यांना झेपत नव्हता. एक डॉक्टर म्हणाले करून घ्या, दुसरे म्हणाले अजून थांबून बघा, आणि यांनी अर्थ काढला की दोघांपैकी एक जण लुबाडतोय. असं लगेच धरू नका. नेदरलँड्समध्ये अशाच सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात कळ जाणाऱ्या, २८३ पेशंटचा अभ्यास झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना दीड ते तीन महिने जोरात त्रास होता. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना औषध-व्यायामावर ठेवून गरज पडली तरच करू म्हटलं. ऑपरेशनवाल्यांच्या पायाचं दुखणं लवकर थांबलं, यात वाद नाही. पण वर्षाने बघितलं तर दोन्हीकडे साधारण ९५ टक्के लोक बरे झालेले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मात्र त्या वर्षात शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, दुखणं सहन होईना म्हणून. म्हणजे ताकद जात नसेल तर करा म्हणणाराही खरा असू शकतो आणि थांबा म्हणणाराही. तुम्ही किती सोसू शकता, किती दिवस काम सोडू शकता, त्यावर ते ठरतं. माझ्याकडे भुसावळचे एक रिटायर झालेले रेल्वेवाले येत होते, दुखणं जवळपास असंच, ताकद पूर्ण शाबूत, दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत गेलं, ते थांबले आणि चांगले राहिले. त्यांना दुकान उघडायचं नव्हतं, हाही फरक आहेच ना.

एवढं समजावूनही प्रकाशभाऊंची गाडी एकाच जागी येऊन थांबायची. "धुळ्याच्या काकांचं केलं होतं, ते परत उठले नाहीत." त्यांची आई तर ऑपरेशन शब्द निघाला की रडायला लागायची, "माले भ्याव वाटस" एवढंच म्हणायची. मी विचारलं काकांना नक्की काय झालं होतं? कोणालाच सांगता येईना, सगळ्यांना फक्त शेवट माहीत. वहिनींनी मनावर घेतलं, चुलतसासूला फोन केला, मग धुळ्याला जाऊन ट्रंकेतली जुनी फाइल शोधून आणली. काकांना कित्येक महिने संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरलं होतं, टीबीच्या गोळ्या चालू होत्या आणि ऑपरेशनच्या आधीच पाय गेलेले होते. सर्जनने फाइल बघून सांगितलं, हा मणक्याचा टीबी होता, तुमच्याशी याचा काही संबंध नाही. घरात वीस वर्षं जी गोष्ट भीती घालत होती ती निघाली वेगळ्याच आजाराची. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, कोणाचं बिघडल्याचं ऐकलं तर आधी त्याला काय झालं होतं, काय केलं होतं आणि आधी तो चालत होता का, हे विचारून घ्या.

ऑपरेशन कुठलं हेही विचारा. पहिल्यांदाच गादी सरकलीये आणि मुख्य त्रास पायाचा आहे तर बहुतेक वेळा छोट्या चिरेतून फक्त नसेवरचा तुकडा काढतात, स्क्रू-रॉड लागत नाहीत. कोणी स्क्रू सांगितले तर का, हे शांतपणे विचारायचं आणि दुसरं मत घ्यायचं, यात डॉक्टरांचा अपमान नाही. प्रकाशभाऊंनी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, त्यातलं एक उत्तर त्यांना आवडलं नाही पण कामाला आलं, ते असं की हे ऑपरेशन पायाच्या कळेसाठी आहे, कंबरदुखी पूर्ण जाईल अशी खात्री नाही. हे आधी माहीत नसलं की नंतर लोक म्हणतात ऑपरेशन फेल गेलं. पैशांचंही तोंडावर विचारायला सांगितलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या दवाखान्यात आहे तिथे आरोग्यमित्र बसतो, आपलं ऑपरेशन त्यात बसतं का ते त्यालाच विचारायचं, शेजाऱ्याला नाही.

या सगळ्यात मी दुसऱ्या बाजूनेही काम करत होते. महिनाभर ते पडूनच होते, कोणीतरी हाललात तर नस तुटेल सांगितलेलं. सायटिकाला नुसतं पडून राहण्याचा फायदा नाही हे १९९९ पासून अभ्यासात आलेलं आहे, तरी आपल्याकडे बेडरेस्ट सुटत नाही. पहिले एक-दोन दिवस ठीक, मग डॉक्टर-फिजिओला विचारून थोडं थोडं चालायचं, झोपताना गुडघ्याखाली उशी, तासन्‌तास बसायचं नाही. घरातल्या घरात अंगणापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, असं आम्ही ठरवत गेलो आणि त्यांना कळलं की थोडं दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही.

आणि एकदा वहिनी बाहेर गेल्यावर मी सरळ विचारलं, कधी जगायला नको असं वाटतं का? बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, रात्री तीनला वाटतं. झोप नाही, लेकीवर ओरडतो, दुकान बायको बघते, मी नुसता खर्च. इतके दिवस दुखणं अंगावर काढलं की असे विचार चांगल्या चांगल्या माणसाला येतात, विचारल्याने ते वाढत नाहीत, बोलल्याने उतरतात. वहिनींना विश्वासात घेतलं, डॉक्टरांना सांगून झोपेचं बघितलं. तुमच्या घरात कोणी असं बोलत असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. नवराबायकोच्या संबंधांचंही लोक फार दबक्या आवाजात विचारतात, ते कायमचं बंद होत नाही, कधी आणि कसं ते डॉक्टरांना मोकळं विचारा, त्यांना रोज कोणीतरी विचारतंच.

शेवटी मी त्यांना एवढंच विचारलं की सहा महिन्यांनी तुम्हाला काय करता यायला हवं. ते म्हणाले मांडी घालून जेवायचंय आणि गाडीवर मळ्यात जायचंय. अजून काही आठवडे वाट बघायची तयारी आहे का, तर स्वतःच म्हणाले, नाही ताई, आता नाही सहन होत, आणि अंगठ्याचं टेन्शन घेऊन मला जगायचं नाही. तेव्हा भीतीने नाही, हिशोब करून बोलत होते ते. आईलाही सर्जनसमोर नेऊन बसवलं, ती रडली, पण नको म्हणाली नाही.

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी चालवलं, पायातली कळ गेली होती. अंगठ्याची ताकद यायला काही महिने लागले. पावलाच्या वरच्या भागात एक बधिर पट्टा अजून आहे आणि सकाळी कंबर आखडते, हे लपवण्यासारखं काही नाही. मध्ये तिसऱ्या आठवड्यात पायात चमक आली तर घाबरून रात्री फोन, सगळं वाया गेलं म्हणून. नस सावरताना अशा चमका येतात, तरी सर्जनला दाखवून घ्या म्हटलं, ठीक होतं सगळं. बिडी मात्र सोडायला लागली, डॉक्टरांनी तसं ठणकावूनच सांगितलं होतं.

वहिनींनी विचारलं परत होईल का? होऊ शकतं, शंभरातल्या पाच-दहा जणांना, कधी थोडं जास्तही, त्याच जागी पुन्हा त्रास होतो. म्हणून दुकानात गोण्यांसाठी आता एक पोरगा ठेवलाय. गिऱ्हाइकासमोर आपण नुसतं उभं राहायचं आणि पोराने उचलायचं, याची प्रकाशभाऊंना सुरुवातीला फार लाज वाटायची, त्यावर आम्ही दोन-तीनदा नुसतं तेवढंच बोललो. मागच्या वेळी आले तेव्हा खुर्चीवर बसले आणि विचारलं, सातपुड्यातल्या मनुदेवीच्या देवळात चालत जाऊ का. मी म्हटलं फिजिओला विचारा. त्यांनी आधी रोजचं चालणं वाढवायला सांगितलंय, सध्या तेच चालू आहे.