खालच्या शेवटच्या दोन दाढा नाहीत: ब्रिज, कवळी की इम्प्लांट?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६१, राहायला सोलापुरात, उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दोन दाढा तीन-चार वर्षांपूर्वी काढल्यात, शुगर आहे. एक डॉक्टर इम्प्लांट म्हणतात (जबड्याच्या हाडात स्क्रू, त्यावर दात), दुसरे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेला दात). आणि तुम्ही पुण्यात बसून कोणत्या कंपनीचा स्क्रू चांगला, त्याची चौकशी करताय. मी डॉक्टर नाही. सोलापुरात दातांची लॅब चालवतो. दवाखान्यांतून मापं येतात, आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या करून देतो. त्यामुळे हे उत्तर कारागिराच्या बाजूचं समजा.

आधी ब्रिज. त्याला दोन्हीकडे आधार लागतो. आईंच्या शेवटच्याच दाढा गेल्यात, मागे धडधाकट अक्कलदाढ नसेल तर पकडायचं कशाला? काही ठिकाणी पुढचे दोन चांगले दात घासून त्यांच्यावर कॅप बसवतात आणि मागे एक दाढ नुसतीच लोंबती ठेवतात. चावण्याचा जोर मात्र सगळ्यात जास्त तिथेच येतो. असे ब्रिज आमच्याकडे तुटून परत येतात, आणि तोवर पुढचे दातही हललेले असतात. मी माझ्या घरच्यांना हे करू दिलं नसतं. दुसऱ्या डॉक्टरांना एकच विचारा, ‘ब्रिजचा मागचा आधार कोणता?’

मग उरतं काय? इम्प्लांट, काढता-घालता येणारी अर्धी कवळी, किंवा काहीच न करणं. काहीच न करणं हा वेडेपणा नाही. शेवटची दाढ नसली तरी बऱ्याच जणांचं नीट चालतं. तिच्या पुढची दाढ मात्र चावण्याच्या कामाची, म्हणून कित्येकदा तेवढा एकच इम्प्लांट पुरतो. दोनचा खर्च आधीच धरून बसू नका.

एक गोष्ट डॉक्टरांकडून मुद्दाम बघून घ्या. खाली दात नसला की समोरची वरची दाढ टेकायला काही न मिळाल्यामुळे हळूहळू खाली उतरते. आमच्याकडे वरखाली मॉडेल जुळवून ठेवलं की लगेच दिसतं, वरची दाढ पार खालच्या हिरडीजवळ आलेली असते. मग स्क्रू झकास बसला तरी कॅपला उंचीच उरत नाही. वरची दाढ घासावी लागते, कधी तिचं रूट कॅनल करून तिलाही कॅप घालावी लागते. हा खर्च पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.

आता शुगर. घरच्या मशीनवरचा सकाळचा आकडा नको, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करा. ७ च्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर काम हाती घेतात; ८ च्या वर गेली की आधी ती खाली आणा म्हणतात, आणि ते बरोबर आहे. शुगर वाढलेली असली की जखम उशिरा भरते, हाड स्क्रूला नीट धरत नाही.

दुसरं जरा नाजूक आहे. आई मिसरी लावतात का? आपल्याकडच्या त्या वयाच्या बायका डॉक्टरांनी ‘तंबाखू?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण मिसरी त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. तुम्ही लेक आहात, तुम्हीच विचारा. मिसरी सुटत नसेल तर इम्प्लांटवर पैसे घालू नका, कवळी करा.

तिसरं, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू आहे का? त्यातल्या काही औषधांनी जबड्याच्या हाडाची जखम भरेनाशी होऊ शकते, म्हणून दंतवैद्यांना आधी कळलंच पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

दाढ काढल्यावर हाड रुंदीला झिजतं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. तुमच्याकडे तर तीन-चार वर्षं गेलीत. ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्स-रेत, लांबी-उंची दिसते, जाडी दिसत नाही. जाडीसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन लागतो. खालच्या जबड्यात तो टाळू नये, कारण तिथून ओठाची नस जाते. स्क्रू आणि नस यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर राखतात. नसेला धक्का लागला तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रेनमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढता येईना, इतकं हाड त्याला धरून बसलं होतं. माणसात पहिला वापर १९६५ मध्ये झाला. सगळं तंत्र हाडाच्या त्या पकडीवर उभं आहे, आणि पकड यायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात त्याहून जास्त लागतात. काही निवडक केसेसमध्ये लगेच दात देतातही. पण एकटी दाढ, ६१ वय आणि शुगर असताना मला घाई पटत नाही.

कडक भाकरी चालेल का, हेही विचारलंय तुम्ही. सोलापूरकराने विचारायलाच हवं! आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, दात किंचित दबतो आणि जोर किती लागला ते मेंदूला कळतं. इम्प्लांटला ते तंतू नाहीत. म्हणून आम्ही ती कॅप चाव्यात जराशी हलकी ठेवतो: तपासताना वरखालच्या दातांमध्ये पातळ पत्रा धरतात, हळू चावलं तर तो सुटून यावा, जोरात चावलं तर अडकावा. तरी समोरचा दात किती दाबतोय ते चावणाऱ्याला पटकन कळत नाही आणि पोर्सेलिनचा टवका उडतो. मागच्या दाढेला अख्खी झिर्कोनियाची (पोर्सेलिनपेक्षा मजबूत सिरॅमिकची) कॅप सांगा. भाकरी आमटीत चुरून खाल्ली तर काहीच अडचण नाही. कोरडी कडक भाकरी त्या बाजूने मोडायची नाही.

कंपनीचं म्हणाल तर स्विस, कोरियन, इस्रायली, सगळ्या ठीक आहेत. भाव विचारताना ‘यात काय काय धरलंय?’ हे विचारा. पुष्कळदा सांगितलेला आकडा नुसत्या स्क्रूचा असतो. स्क्रू आणि कॅपच्या मधला जोड, कॅप, स्कॅन वेगळे. आणि काम पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन-येऊन करण्यापेक्षा सोलापुरातच करा. पुढे दर सहा महिन्यांनी साफसफाई लागते, कॅप सैल झाली तर दोन दिवसांत दाखवावं लागतं. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड खाली जाऊ शकतं, तेही न दुखता.

स्क्रूच्या डबीवर स्टिकर असतो, कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. तो कार्डावर लावून मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा असतो. दहा वर्षांनी आतला स्क्रू ढिला झाला आणि तेव्हाचे डॉक्टर गावात नसले, तर त्या कार्डाशिवाय नवीन डॉक्टर आणि आमच्यासारखे लॅबवाले एक्स-रे बघून नुसता अंदाज करत बसतात.