वॉकर म्हणजे चालणारा नव्हे, तुडवणारा

लेकीच्या सासरचं आडनाव वॉकर, घराणं यॉर्कशायरचं, आणि व्याही सांगतात की पूर्वज राजाच्या जंगलात पायी गस्त घालायचे म्हणून वॉकर. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. पायांचा संबंध आहे, गस्तीचा नाही.

जुन्या इंग्रजीत 'वेल्कन' म्हणजे लोळवणं, घोळवणं. चालणं हा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. 'वेल्केरे' म्हणजे लोकरीचं कापड मळणारा. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते कुंडात टाकायचं, वर शिळं मूत्र ओतायचं (हो, मूत्रच, त्यातल्या अमोनियामुळे तेलकटपणा सुटतो) आणि अनवाणी पायांनी तासन् तास तुडवायचं. तुडवून तुडवून कापड आटतं, दाट होतं. मग आकडे लावलेल्या चौकटीवर ताणून वाळवायचं. तेल शोषायला एक चिकणमाती वापरत, 'फुलर्स अर्थ' नावाची. आपण तोंडाला लावतो ती मुलतानी माती हीच!

त्या नावातला फुलर म्हणजेही हाच कारागीर. धंदा एक, आडनावं तीन: इंग्लंडच्या दक्षिणेत आणि पूर्वेत फुलर, नैर्ऋत्येला डेव्हनच्या बाजूला टकर, उत्तरेत वॉकर. एक्सेटरमध्ये या कारागिरांच्या संघाचा १४७१ सालचा टकर्स हॉल अजून उभा आहे. यॉर्कशायर उत्तरेतलं आणि लोकरीचं, त्यामुळे तुमचे व्याही अगदी जागच्या जागी आहेत.

गंमत अशी की पायांनी तुडवण्याचं काम तेव्हाच यंत्राकडे जायला लागलं होतं. पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे चालवून कापड कुटणाऱ्या गिरण्यांची इंग्लंडमधली नोंद ११८५ सालापासून मिळते, आणि सामान्यांची आडनावं तिथं साधारण १४०० पर्यंत वंशपरंपरागत झाली. म्हणजे कित्येक वॉकरांनी कुंडात पाय घातलाच नसेल, हातोड्यांवर नजर ठेवली असेल.

अपवादही सांगतो. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं गावच होतं, आता ते त्या शहराचाच भाग आहे. अर्थ 'भिंतीजवळची दलदल'. भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची. थोडे वॉकर तिथले. स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेतल्या 'कापड मळणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाच्या नावाचंही इंग्रजीत वॉकर झालं. आणि जॉनी वॉकरच्या बाटलीवर टोपी घालून तरातरा चालणारा माणूस आहे, तो १९०८ साली काढलेलं चित्र. आडनावावरची निव्वळ कोटी.

व्याह्यांनी 'वॉकर घराण्याची ढाल' पैसे देऊन मागवली, असंही तुम्ही लिहिलंय. भिंतीवर छान दिसेल, पण इंग्लंडमध्ये असं मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. तेवढ्या पैशात जुने दाखले मागवले असते.

खरं शोधायचं तर उलटं चला. जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूंची सरकारी नोंदणी आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर वर-वधूच्या वडिलांचा धंदाही लिहिलेला असतो. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या, त्यांचा हुकूम १५३८ चा. पण फार थोड्या तितक्या जुन्या टिकल्यात. त्याही मागे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या आहेत. तिथपर्यंत सलग वंशावळ बहुधा लागणार नाही, पण व्याह्यांच्या गावात तेव्हा वॉकर होते का, हे पाहता येईल. सुरुवात त्यांच्या आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यापासून करा.