मुदत संपलेल्या पेटंटची फी कशाला भरता?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची बेदाणा-हळदीची पेढी आहे. भाच्याने वेबसाइट काढून दिली. सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतलाय, त्यावर ओपनएसएसएल (वेबसाइटवरची माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे. आता एका परदेशी कंपनीचा मेल आलाय : ‘तुम्ही वापरता ती आरएसए पद्धत (माहिती सांकेतिक करण्याची गणिती रीत) आमची आहे, अमेरिकी पेटंट क्र. ४,४०५,८२९. भारतातही आमचे पेटंट आहे. पंधरा दिवसांत लायसन्स फी भरा, नाहीतर दावा लावू.’ भाचा म्हणतो, सॉफ्टवेअर फुकट आहे, काळजी नको. मला वाटतं, भरून मोकळं व्हावं.

उत्तर : एक रुपयाही भरू नका. मेलमधला नंबरच बघा. हे पेटंट अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या नावावर २० सप्टेंबर १९८३ ला मंजूर झालं आणि २० सप्टेंबर २००० ला संपलं. त्याच्या दोन आठवडे आधीच परवानाधारक कंपनीनं ही पद्धत सर्वांना खुली केली होती. म्हणजे आज अमेरिकेतसुद्धा तिची फी कुणी मागू शकत नाही. शिवाय पेटंट सातबाऱ्यासारखं असतं : ज्या गावचा उतारा, तिथल्याच जमिनीवर हक्क. अमेरिकेचा उतारा सांगलीत चालत नाही. आपल्याकडे तर १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या गणिती पद्धतीला किंवा अल्गोरिदमला (पायरीपायरीनं हिशेब सोडवण्याच्या रीतीला) पेटंटच देत नाही.

भाच्याचं म्हणणं मात्र मला अर्धंच पटतं. ओपनएसएसएल ३.० पासून अपाचे २.० या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली येतं. त्यात कोड लिहिणारे आपापल्या पेटंटची मोकळीक देतात, पण तिसऱ्याच्या पेटंटची मोकळीक ते कशी देणार? म्हणून उद्या कुणी खरोखर भारतीय पेटंटचा नंबर दिला, तर दुर्लक्ष करू नका. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो : मालक कोण, अर्ज कधीचा (तिथून २० वर्षं मुदत), नूतनीकरण फी भरलीय का. मग वकील गाठा.

आत्ता फोनवर बोलू नका. ‘थोडी कमी करा’ असं तर चुकूनही लिहू नका, ती कबुली म्हणून पुढे येईल. एवढंच लिहा : ‘भारतीय पेटंटचा क्रमांक, त्यावरील तुमच्या मालकीचा पुरावा आणि आमच्याकडून नेमका कोणता भंग झाला ते कळवा. तोवर तुमची मागणी आम्हाला मान्य नाही.’

तरी धमक्या थांबल्या नाहीत, तर त्याच पेटंट कायद्याचं कलम १०६ तुमच्या बाजूनं आहे. निराधार धमकीविरुद्ध मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. नुसतं ‘आमचं पेटंट आहे’ एवढं कळवणं धमकी ठरत नाही, पण ‘दावा लावू’ ही धमकीच. असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही.

म्हणून तो मेल डिलीट करू नका. भाच्याला सांगून हेडरसकट (मेल कुठून, कधी आला याच्या तांत्रिक नोंदीसकट) सेव्ह करून ठेवा आणि एक प्रिंट पेढीच्या फाइलला लावा.