घटनेत स्थान मिळालं की स्थानिक संस्था (ग्रामपंचायती, नगरपालिका) आर्थिकदृष्ट्या स्वायत्त होतात का?

नाही. निधी किती येतो यापेक्षा कराचा दर कोण ठरवतं ते बघा. जर्मनीत व्यवसाय कराचा पाया संघीय कायदा ठरवतो, पण त्यावरचा गुणक, म्हणजे शेवटी कर किती लागणार हे ठरवणारा आकडा, प्रत्येक नगरपालिका स्वतः ठरवते. पैसे कमी पडले तर गुणक वाढवायचा आणि मतदारांचा राग झेलायचा. हीच खरी स्वायत्तता.

भारतात स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणाऱ्या ७३व्या-७४व्या घटनादुरुस्तीने राज्य वित्त आयोग (राज्य आणि स्थानिक संस्थांमधली पैशाची वाटणी सुचवणारा) सक्तीचा केला, पण या संस्थांना कोणते कर लावू द्यायचे ते विधिमंडळाच्या मर्जीवर सोडलं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेची जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) गेली. बदल्यात राज्याकडून भरपाई मिळते, पण हातातला कर गेला तो गेलाच. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने तर ग्रामपंचायतींचं ६० टक्के अनुदान पाणी-स्वच्छतेलाच बांधून टाकलं.