क्लासमधली सगळी फील्ड प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आतूनच हाताळता येणारी) करून प्रत्येकाला गेटर-सेटर (फील्ड वाचून देणारी आणि बदलणारी मेथड) दिले, तर ती पब्लिक ठेवण्यापेक्षा वेगळं काय झालं?

तुमची शंका रास्त आहे. सरसकट गेटर-सेटर लावले तर फारसं वेगळं काही होत नाही. पण म्हणून फील्ड पब्लिक करू नका. आधी तो सेटर हवाच कशाला, ते बघा.

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढायला मी जावात एक प्रोग्रॅम लिहिला होता. 'सभासदखाते' हा क्लास, त्यात 'बाकी' हे फील्ड आणि आयडीईने (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने) एका क्लिकवर बनवून दिलेले गेटर-सेटर. पावतीच्या स्क्रीनवर बाकी वाचायची, रक्कम वजा करायची, नवी बाकी सेट करायची आणि पुढच्या ओळीत खात्यात नोंद टाकायची. चेक परत आल्यावरच्या स्क्रीनमध्ये ती नोंदीची ओळ माझ्याकडून राहून गेली. खजिनदार काका वही घेऊन घरी आले. एका सभासदाची बाकी ७,४०० दिसत होती, नोंदींची बेरीज येत होती ३,७००. बाकी आणि नोंद एकदमच बदलली पाहिजे, हा नियम क्लासमध्ये कुठेच नव्हता. प्रत्येक स्क्रीनने तो आपापला पाळायचा होता.

मी सेटर काढून टाकला. त्याच्या जागी तीन मेथड आल्या: 'बिल लाव', 'पावती जमा कर', 'चेक परत आला'. काकांच्या तोंडी रोज असतात तीच ही कामं. नोंद मेथडच्या आतच पडते, त्यामुळे स्क्रीन लिहिणाऱ्याला ती विसरताच येत नाही. महिन्याभराने मी बाकी साठवणंही बंद केलं. आता ती नोंदींची बेरीज करून मिळते, आणि या बदलासाठी बाहेरची एकही ओळ हलवावी लागली नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलेलं 'इन्फर्मेशन हायडिंग' ते हेच: जो निर्णय उद्या बदलू शकतो, तो एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवायचा.

गेटरही वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. माझा गेटर रक्कम डबलमध्ये, म्हणजे जावाच्या दशांश संख्यांच्या प्रकारात, देत होता. ०.१ बायनरीत नेमका बसत नाही, म्हणून पैशांचा हिशोब पूर्णांकात न्यायला घेतला, तर सगळ्या स्क्रीन उघडाव्या लागल्या. दुसरा गेटर नोंदींची मूळ अ‍ॅरेलिस्टच (यादीच) हातात देत होता. रिपोर्टच्या कोडने ताजी नोंद वर दिसावी म्हणून ती उलटी केली, आणि खात्यातलाच क्रम उलटला. प्रायव्हेट लिहून उपयोग काय, आतली वस्तूच बाहेर गेल्यावर! जावा १० पासून 'लिस्ट.कॉपीऑफ' आहे, त्याने न बदलता येणारी प्रत द्या.

नुसती माहिती इकडून तिकडे नेणाऱ्या क्लासला एवढा खटाटोप नको. जावा १६ मधले रेकॉर्ड त्यासाठी छान आहेत, त्यांना सेटर नसतातच. पायथनमध्ये तर साधं अ‍ॅट्रिब्यूट (तिथलं फील्ड) ठेवून सुरुवात करा. पुढे गरज पडली की त्याचं प्रॉपर्टी करता येतं, म्हणजे दिसायला अ‍ॅट्रिब्यूटच पण आत मेथड चालते, आणि वापरणाऱ्यांचा कोड तसाच राहतो. जावात ही सोय नाही, गेटरची सवय तिथे रुजली ती बरीचशी यामुळेच.

तुमच्या क्लासमधला एक सेटर निवडा आणि आयडीईत 'फाइंड युसेजेस' करून तो कुठून कुठून बोलावला जातो ते पाहा. त्या प्रत्येक ठिकाणी सेट करण्याच्या आधीच्या दोन-तीन ओळी सारख्याच दिसल्या, तर तुमची खरी मेथड त्या ओळींत आहे.