घरी ओव्हन नाही, २० पाहुणे येणार आहेत. गोड आणि तिखट चीज टोस्ट सोप्यात कसे करता येतील?

तुम्ही धुळ्याहून लिहिलंय की मुलीच्या वाढदिवसाला २० जण येणार, घरात दोन शेगड्या आणि एक तवा, आणि मागच्या वेळी केलेले टोस्ट वाढेपर्यंत लगदा झाले होते. वाचून हसू आलं, कारण तो लगदा मीही खाल्लाय. मी अमळनेरला राहते, ओव्हन माझ्याकडेही नाही, आणि तरी आमच्याकडे प्रत्येक वाढदिवसाला हेच टोस्ट होतात. कृती पुढे सांगतेच, पण आधी त्या लगद्याचं बघू.

थोरल्याचा पाचवा वाढदिवस होता. मी हुशारी करून दुपारी चारलाच ६० टोस्ट भाजून ठेवले. ब्रेडला लोणी, त्यावर बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, मीठ, वर किसलेलं चीज. एका परातीत एकावर एक रचले आणि गार होऊ नयेत म्हणून वर ताट झाकलं. केक यायला उशीर झाला. सात वाजता ताट उचललं तर त्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं. खालचा थर परातीला चिकटलेला, वरचं चीज सायकलच्या ट्यूबसारखं. जाऊबाईंनी शांतपणे विचारलं, "चमचे देऊ का सगळ्यांना?"

दोष चीजचा नव्हता, पाण्याचा होता. मीठ लागलं की कांदा-टोमॅटोला पाणी सुटतं आणि ते ब्रेड पितो. गरम टोस्ट परातीत आडवा टाकला की त्याची वाफ खालीच अडकते. वरून झाकलं की तीच वाफ थेंब होऊन परत अंगावर. शिवाय ब्रेड आणि चीज यांचं एका आचेवर जमत नाही. ब्रेड खरपूस व्हायला १४० अंशांच्या वर उष्णता लागते, चीज ६०-७० अंशांतच ढिलं पडतं. दोघांना एकदमच तव्यावर चढवलं तर ब्रेड कच्चा राहतो, नाहीतर चीज तेल सोडून आटतं. म्हणून काम दोन फेऱ्यांत करायचं. दुपारी नुसता ब्रेड भाजून ठेवायचा, आणि पाहुणे दारात चपला काढत असतील तेव्हा चीज वितळवायचं.

ब्रेड ताजा नको, कालचा घ्या. ताजा लुसलुशीत ब्रेड कापताना चेपतो आणि वाळायला वेळ घेतो. एका स्लाइसचे चार चौकोन करा, म्हणजे २० स्लाइसचे ८० तुकडे, माणशी चार. स्टार्टर म्हणून तेवढे भरपूर होतात. कडा कापू नका. पार्टीचं खाणं दिसायला हवं म्हणून वाटीने गोल पाडणारे लोक मी पाहिलेत. दिसतात छान, पण निम्मा ब्रेड वाया जातो आणि कडेचा आधार गेला की तुकडा हातात वाकतो. तवा मंद ठेवून तुकडे दोन्ही बाजूंनी कोरडेच भाजा, एक बाजू जास्त लाल, दुसरी जरा फिकट. झालेत का ते रंगावरून ठरवू नका, मधोमध बोटाने दाबून बघा. दबला तर आत ओल आहे, परत तव्यावर. भाजलेले तुकडे ताटात न टाकता पिठाची चाळण पालथी घालून तिच्यावर गार करायचे, खालून वारा लागतो. पूर्ण गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात. असे संध्याकाळपर्यंत कडक राहतात. किंचित कोमट असताना डबा बंद केलात तर मग चमचे काढून ठेवा.

चीजचा हिशोब असा. अमूलच्या २०० ग्रॅमच्या डब्यात २५ ग्रॅमचे ८ क्यूब येतात. तिखट टोस्टला एका क्यूबमध्ये चार तुकडे झाकले जातात, गोडाला त्याच्या निम्मंच लागतं. ४८ तिखट आणि ३२ गोड केले तर दोन डब्यांत भागतं. बाजारात पिझ्झा चीज म्हणून स्वस्तातली मोठी पाकिटं मिळतात, ती घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. 'ॲनालॉग' असं लिहिलेलं असेल किंवा घटकांत वनस्पती तेल असेल तर ते दुधाचं चीज नाही, आणि तव्यावर ते कळतंच. पनीर किसून काम होईल का असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. पनीर आंबट घालून फाडलेलं असतं, ते गरम केलं तरी वितळून पसरत नाही, नुसतं वाळतं. भुर्जी करून घाला हवं तर, पण वर चीज लागेलच.

किसायच्या आधी क्यूब २० मिनिटं फ्रीझरमध्ये टाका आणि किसणीला तेलाचं बोट फिरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, तेव्हा हे केलं नाही तर किसाऐवजी किसणीवर लेप मिळतो. या चीजमध्ये मीठ बऱ्यापैकी असतं, त्यामुळे खालच्या कुठल्याच सारणात वेगळं मीठ नको. आणि वडीलधारं कुणी विचारेलच, चीजमध्ये वासराच्या पोटातलं काही घालतात म्हणे? पूर्वापार पद्धतीत ते खरं आहे. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर दूध साकळवणारं ते द्रव्य प्राण्याचं नसतं, बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं. आमच्या आत्याबाई हे ऐकल्याशिवाय घास उचलत नाहीत.

आता दुसरी फेरी. जाड बुडाचा तवा मंद आचेवर. तुकड्याची जास्त भाजलेली बाजू वर घ्या, तिला लोण्याचा पातळ हात द्या. हे लोणी चवीपुरतं नाही, सारणातली ओल ब्रेडमध्ये उतरू नये म्हणूनही आहे. वर सारण, वर चीज, आणि तुकडे तव्यावर मांडून झाकण. झाकणाला आतून सुती फडकं बांधा, ढोकळ्याला बांधतो तसं, म्हणजे थेंब पडणार नाहीत. दीडेक मिनिटाने उघडून बघा. किसाचे धागे आधी एकमेकांत मिसळतात, मग वरचा भाग चकाकायला लागतो आणि कडेने चीज ब्रेडवरून किंचित ओघळतं. बस, तिथेच उतरवायचं. अजून जरा लाल होऊ दे म्हणून थांबलात की पिवळं तेल सुटतं आणि चीज चिवट होतं. आमच्या तव्यावर एका वेळी १२ तुकडे बसतात. दोन शेगड्यांवर दोन तवे लावले तर ८० तुकड्यांना वीसेक मिनिटं लागतात, तोवर पहिले संपलेलेसुद्धा असतात.

तिखटातला सगळ्यात सोपा म्हणजे ठेच्याचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर तव्यातच भाजा, मिरचीला पांढरे-काळे डाग पडू द्या, मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. १०० ग्रॅम लोण्यात याचे दोन चमचे कालवा. मिक्सरमध्ये वाटू नका, पेस्ट होते आणि पेस्टला पाणी सुटतं. ठेचा-लोणी लावलं, चीज घातलं, वितळवलं आणि ताटात वाढताना वर चिमूटभर तिखट शेव. शेव आधी घातली तर मऊ पडते. खान्देशात घरात शेव नाही असं होत नाही, म्हणून वेगळं काही आणावं लागत नाही.

दुसरा माझा आवडता, आणि यावरून घरात वाद झालेला: भरताचा. आपल्या जळगावकडच्या हिरव्या भरीताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, केळ्यांनाही त्याच वर्षी. ही वांगी हिवाळ्यातली. गॅसवर भाजली तरी चालतात, पण शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास वेगळाच. टोस्टसाठी भरीत नेहमीपेक्षा कोरडं हवं. वांगं सोलल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्या, बराच काळपट रस निघतो. मग बडगीत (लाकडी उखळात) किंवा खलात मिरची-लसणाबरोबर ठेचा, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, आणि कढईत दोन मिनिटं परता म्हणजे उरलेली ओल जाईल. तुकड्यावर चमचाभर, वर चीज.

सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. भरीत म्हणजे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी, तिसरं काही त्यांना मान्य नाही. ब्रेडवर भरीत लावताना पाहून म्हणाल्या, "काय जमाना उना वं माय!" आणि देवघरात निघून गेल्या. पोरांनी त्यांच्या हातात एक तुकडा ठेवला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आखो एक दे." चीज आवडलं असं त्या आजही म्हणत नाहीत. भरीत चांगलं झालं होतं म्हणतात.

उन्हाळ्यात वाढदिवस असेल तर भरीताच्या नादी लागू नका. उकडून, फडक्यावर पसरून कोरडे केलेले मक्याचे दाणे आणि सिमला मिरची चालेल. टोमॅटो घालायचाच तर बियांचा गर काढून फक्त साल-मगज.

आता गोड. चीज आणि गोड हे ऐकून नाक मुरडू नका. खारट चीज आणि गूळ यांचं छान जमतं. केळी पिकलेली पण टणक घ्या, सालीवर काळे ठिपके यायच्या आतली. रावेर-यावलकडचा माल तुम्हाला धुळ्यात सहज मिळेल. अर्धा सेंटीमीटरच्या चकत्या करा. तव्यावर लोणी तापलं की त्यात दोन चमचे किसलेला गूळ टाका. गूळ विरघळून बारीक बुडबुडे यायला लागले की चकत्या मांडा, एकेका बाजूला जेमतेम अर्धं मिनिट. कालथ्याने घाईने उलटल्या तर तुटतात, कड तपकिरी झाली की आपोआप सुटतात. गुळाला कडक वास यायला लागला तर गॅस लगेच बंद, पुढे तो कडू होतो.

गोडात क्रम उलटा ठेवायचा, आधी चीज आणि मग केळं. ब्रेडवर चीजचा पातळ थर वितळवून घ्या, म्हणजे केळ्याचा रस खाली जात नाही. त्यावर दोन चकत्या, वरून भाजलेले तीळ किंवा शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबाने चव उठते, आणि चकत्या आधीच कापून ठेवल्या असतील तर काळ्याही पडत नाहीत. मी एकदा वर मिरपूड घातली होती. मोठ्यांनी मागून खाल्ले, लहानांनी थुंकले. तुमच्याकडे मुलं जास्त असणार, तेव्हा नको.

शेगडी अडवायची नसेल तर आणखी एक गोड आहे. अर्धा किलो दही रात्री फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा, बाहेर टांगलं तर आपल्या हवेत सकाळपर्यंत आंबट ढोण होतं. त्या चक्क्यात दोन चमचे चीज स्प्रेड, पिठीसाखर आणि वेलची घोटा. कडक तुकड्यावर एक गोळा, वर डाळिंबाचे चार दाणे किंवा गुलकंद. हे मात्र अगदी वाढतानाच लावा, दहा मिनिटांच्या वर टिकत नाही.

तेव्हा त्या दिवशी असं करा: आदल्या रात्री दही टांगा आणि ठेचा कुटा, दुपारी ब्रेड भाजून डब्यात, चीज फ्रीझरमध्ये टाकून किसून परत फ्रिजमध्ये. पाहुणे आले की एकाने तव्याशी उभं राहायचं आणि एकाने ताटं फिरवायची. तव्याशी घरातला पुरुष उभा केला तरी चालतो, माझ्याकडे आता तेच करतात. पहिले तिखट जाऊ देत, गोड केक कापल्यावर.

ठेच्याचं प्रमाण तेवढं पाहुणे बघून ठरवा. वर दिलेलं आपल्याकडच्या जिभेचं आहे. पुण्या-मुंबईकडून कुणी येणार असेल तर दोनऐवजी एकच चमचा, आणि ते ताट वेगळं ठेवा.