आयपी मिळतो, पण नाव सापडत नाही

प्रश्न : आमच्या कार्यालयात वीसेक संगणक असून डेबियन लिनक्सच्या एकाच सर्व्हरवर आयएससी डीएचसीपी (संगणकांना आयपी पत्ते वाटणारा प्रोग्रॅम) आणि बाइंड (डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, चालवणारा प्रोग्रॅम) चालतात. प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता व्यवस्थित मिळतो, पण त्याचे नाव डीएनएसमध्ये आपोआप नोंदले जात नाही. डीएचसीपीच्या लॉगमध्ये फॉरवर्ड मॅप (नावापुढे पत्त्याची नोंद) जोडता आला नाही असे लिहून पुढे ‘सर्व्हफेल’ येते. झोन फाइल, म्हणजे नावे व पत्त्यांची यादी, ‘/एटसी/बाइंड’मध्ये आहे, तिच्या परवानग्या सर्वांना खुल्या करूनही फरक पडला नाही. डीएचसीपी ज्या गुपिताने बदलाच्या विनंतीवर सही करतो, ती टीसिग किल्ली नव्याने तयार करावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : किल्लीला हात लावू नका. किल्लीचे नाव किंवा गुपित जुळत नसते, तर बाइंडने ‘नॉटऑथ’ असे उत्तर दिले असते आणि किल्ली बरोबर असूनही झोनमध्ये बदलाची मुभा नसती, तर ‘रिफ्यूज्ड’. ‘सर्व्हफेल’चा अर्थ बहुधा असा, की विनंती पोहोचली, सही पटली, मुभाही होती, पण बदल डिस्कवर लिहिता आला नाही. यापुढे डीएचसीपीचा लॉग बाजूला ठेवून बाइंडचा पाहावा, तिथे ‘.जेएनएल’ने संपणाऱ्या फाइलचे नाव आणि ‘परमिशन डिनाइड’ दिसेल.

बाइंड आपोआप आलेला बदल थेट झोन फाइलमध्ये लिहीत नाही. तो आधी तिच्याशेजारी जर्नल फाइल तयार करून तीत नोंदवतो आणि झोन फाइल सवडीने नव्याने लिहितो, म्हणून परवानगी केवळ फाइलवर असून भागत नाही, ती फोल्डरवरही लागते. आपल्या बाबतीत तेवढ्यानेही भागणार नाही, कारण डेबियनवरील अ‍ॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेचा नियम बाइंडला ‘/एटसी/बाइंड’ केवळ वाचू देतो. फाइल सर्वांना खुली करूनही फरक न पडण्याचे कारण हेच, तेव्हा त्या परवानग्या आधी पूर्ववत करा. आपोआप बदलणाऱ्या झोनसाठी ‘/व्हार/लिब/बाइंड’ हे फोल्डर राखलेले आहे. फॉरवर्ड (नावावरून पत्ता) आणि रिव्हर्स (पत्त्यावरून नाव) अशा दोन्ही झोन फाइली तिथे हलवा, त्यांची मालकी ‘बाइंड’ या वापरकर्त्याकडे द्या, कॉन्फिगरेशनमधील मार्ग बदला आणि सेवा पुन्हा सुरू करा. मग तीच किल्ली वापरून ‘एनएसअपडेट’ या आज्ञेने एक खोटी नोंद घालून पाहा. ती झाली, तर बाइंडची बाजू स्वच्छ आहे असे समजावे.

यानंतर झोन फाइल थेट उघडून दुरुस्त करण्याची सवय मात्र सोडावी लागेल. तसे केल्यास फाइल आणि जर्नल यांचा मेळ तुटतो व झोन लोड होण्याचेच नाकारतो. हाताने बदल करायचाच असेल, तर आधी ‘आरएनडीसी फ्रीझ’ (आपोआप होणारे बदल थांबवणारी आज्ञा), मग दुरुस्ती व अनुक्रमांकात वाढ आणि शेवटी ‘आरएनडीसी थॉ’ (ते पुन्हा सुरू करणारी), हा क्रम पाळा.

नोंदी होऊ लागल्यावर बहुधा लॅपटॉपची तक्रार येईल, म्हणून तिचे उत्तर आताच देतो. डीएचसीपी सर्व्हर प्रत्येक नावाजवळ त्याच्या मालकाची खूण ठेवतो. ही खूण यंत्राच्या ओळखीवरून बनते. केबलवरून नोंदलेला लॅपटॉप वायफायवर आला, की त्याची ओळख बदलते, सर्व्हर त्याला परका समजतो आणि केबलवरची लीज, म्हणजे पत्ता वापरण्याची मुदत, संपेपर्यंत नावापुढे जुनाच पत्ता राहतो. ही खूण तपासणारे ‘अपडेट कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन’ बंद करून हे सुटते खरे, पण मग एखाद्या पाहुण्याच्या लॅपटॉपने आपले नाव सर्व्हरचेच सांगितले, तर सर्व्हरची नोंद पुसली जाऊन त्याचा पत्ता तिथे बसेल. माझ्या मते तो धोका पत्करू नये. डीएचसीपीच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या लॅपटॉपच्या (होस्टच्या) नोंदीत ‘डीडीएनएस होस्टनेम’ देऊन वायफायसाठी वेगळे नाव ठेवावे.

आयएससी या निर्मात्या संस्थेने या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल 2022 च्या अखेरीस थांबवली असल्याने पुढे कधीतरी ‘कीआ’ या तिच्याच नव्या डीएचसीपी सर्व्हरकडे जावे लागेल. तिथे डीएनएसला बदल कळवण्याचे काम वेगळी सेवा करते. ती सुरू नसेल, तर आयपी मिळत राहतील, पण डीएनएसमध्ये एकही नाव चढणार नाही.